भात कापल्यावरचे चार महिने
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



भाषणाचा विषय 'रब्बीची शेती' असे आम्ही कळविले, तेव्हा चिटणीस क्षणभर गप्पच राहिले. त्यांचे नवल साहजिक आहे. रब्बी म्हटले की घाटावरची काळी जमीन, शाळू, गहू आणि हरभरा डोळ्यांपुढे उभा राहतो. आपल्या कोकणात भात घरात आले, गुरांची दावी सोडली आणि मुंबईची गाडी पकडली की शेती संपली, असा परिपाठ आहे. आम्ही मॅट्रिक होऊन सारी नोकरी प्राथमिक शाळेत काढली. 'कोकणात पाऊस विपुल, परंतु पाणी समुद्रास मिळते' हे वाक्य फळ्यावर कितीदा लिहिले असेल! त्याचा अर्थ मात्र निवृत्तीनंतर घरच्या खाचरात उभे राहिल्यावर कळला.

मास्तरकीची खोड म्हणून एक गणित घालतो. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस धरला, तर एका गुंठ्यावर ३ लाख लिटर पाणी पडते. आता पाच गुंठे भाजी घ्या. दर खेपेस ५ सेंटिमीटर पाणी दिले, तर पाच गुंठ्यांस २५ हजार लिटर लागते. आठ दिवसांआड अकरा पाळ्या दिल्या तरी बेरीज पावणेतीन लाखांच्या पुढे जात नाही. म्हणजे एका गुंठ्यावरचा पाऊस पाच गुंठ्यांची हिवाळी भाजी पोसू शकतो. दोष पावसाचा नाही. चार महिन्यांत पडलेले पाणी आपली जांभ्याची जमीन धरून ठेवीत नाही, आणि आपणही ठेवीत नाही.

आता आमची फजिती ऐका. निवृत्तीच्या पहिल्या वर्षी आम्ही सवयीप्रमाणे सर्व खाचरांत गरवे भात लावले. ते कापणीस आले नोव्हेंबरच्या मध्यास. मग उडवी रचली, झोडणी झाली, एक लग्नकार्य आटोपले आणि डिसेंबर उजाडल्यावर वालासाठी नांगर घातला. चिखलणी केलेली जमीन एकदा वाळली की विटेसारखी होते. ढेकळे फुटेनात, वाल विरळ उगवला, आणि उगवला तो फुलोऱ्यापूर्वीच पिवळा पडला. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी बांधावरून विचारले, "मास्तरांनू, वाल पेरलात की मोजून ठेवलात?" उत्तर नव्हते.

तेव्हा ध्यानात आले ते हे की, आपल्याकडे रब्बीचा बेत कार्तिकात नव्हे, ज्येष्ठात, भाताचे बी निवडताना करावयाचा असतो. ज्या वरच्या खाचरांतून पाणी लवकर हटते, तेथे हळवे भात लावावे. रत्नागिरी-१, कर्जत-१८४ या अशा जाती आहेत. त्या ऑक्टोबरात निघतात आणि जमिनीत वाफसा असतानाच नांगर घालता येतो. खालच्या पाणथळ मळ्यांत गरवे असू द्यावे. तेथे ओल पुष्कळ दिवस टिकते. कापणी आणि पेरणी यांत आठवड्याहून अधिक अंतर पडू देऊ नये. झोडणी थांबू शकते, ओल थांबत नाही.

नुसत्या ओलीवर येणारी पिके म्हणजे कुळीथ, वाल, पावटा आणि चवळी. बियाण्यास जिवाणू संवर्धन चोळून सावलीत सुकवावे व मगच पेरावे. या कडधान्यांच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र जमिनीत आणतात, त्याचा लाभ पुढच्या भातास होतो. ढगाळ हवेत वालावर आणि चवळीवर मावा पडतो, तेव्हा रोज एक फेरी आवश्यक. दापोलीस १९७२ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले, तेथून निघालेली 'कोकण सदाबहार' ही चवळी आम्ही लावून पाहिली आहे. थोड्या दिवसांत हाती येते. कुळथाच्या पिठीविषयी या सभेत काही सांगणे म्हणजे आईपुढे माहेरचे वर्णन करणे होय.

पाण्याची सोय असेल त्यांनी भाजी, भुईमूग, कलिंगड यांकडे वळावे. अलिबागचा पांढरा कांदा भातानंतरच्या जमिनीतच होतो, हे विसरू नये. आमच्या वाडीत ओढ्याची धार बारीक होताच रिकाम्या सिमेंटच्या पोत्यांत माती भरून बंधारा घालतात. एका दिवसाचे श्रमदान पुरते. खालच्या दोन विहिरींस पूर्वीपेक्षा अधिक दिवस पाणी राहू लागले आहे. मात्र धार आटल्यावर बंधारा घालणे व्यर्थ.

दुसऱ्या वर्षी वाल उत्तम आला आणि एका रात्रीत मोकाट गुरांनी खाल्ला. एकट्याचे हिरवे शेत म्हणजे साऱ्या गावच्या गुरांना आमंत्रणच. कुंपणाचा खर्च पिकाहून मोठा. अखेर वाडीची बैठक बसली. दोन बैठका तर केवळ जुनी भांडणे उकरण्यात गेल्या! तिसरीत ठरले की, लागून असलेली सर्व खाचरे एकदम पेरावयाची आणि पीक निघेपर्यंत गुरे पाळीपाळीने राखावयाची. तेव्हापासून नुकसान अगदी थोडे होते.

परंतु या सलग पट्ट्यात मधली सात खाचरे ओसाड आहेत. ती या सभागृहात बसलेल्या कुटुंबांची आहेत, म्हणून हे सारे येथे बोलावयाचे. जमीन दुसऱ्याने कसली तर कूळ लागेल, ही धास्ती १९४८ च्या कूळकायद्यापासून घरोघरी आहे. ती निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. त्या कायद्याने पुष्कळ कसणाऱ्यांस न्याय मिळाला, आणि पुष्कळ घरांस धडाही. तथापि कुटुंबातील माणसाने वा मालकाच्या देखरेखीखाली मजुरीवर कसणाऱ्याने शेत केले, तर तो कूळ ठरत नाही. वकिलास विचारून खात्री करून घ्यावी. आपल्या बहुतेकांचा सख्खा वा चुलत भाऊ, भावजय, पुतण्या गावी आहे. त्यांच्याशी बोलणे होत नाही, ही खरी अडचण. सातबाऱ्यावर नावे एकत्र आणि दिवाळीचे पत्रही नाही, अशी घरे आम्हांस ठाऊक आहेत. आमचेही त्यांतलेच होते.

भोजनापूर्वी आम्ही मागील खोलीत वही घेऊन बसणार आहोत. गाव, वाडी, खाचराचे क्षेत्र, जवळ ओढा किंवा विहीर आहे की नाही आणि गावी घरचे कोण राहते, एवढेच लिहून द्यावे. हळव्या भाताचे बियाणे मे महिन्यात आणावे लागेल, त्यापूर्वी ज्यांना भावाकडे जावयाचे आहे त्यांच्यासोबत येण्यास आम्ही तयार आहो.