‘नाही’ हा शब्द आणि हाताची पकड



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या कार्याचा आढावा माझ्या आधीच्या वक्त्यांनी घेतला आहेच. मी केवळ एका लहान शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘नाही’.

आपली व्रते बहुतांशी नकाराच्या भाषेत आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायाच्या आरंभीच व्रताची व्याख्या ‘विरती’ या शब्दाने केलेली आहे. विरती म्हणजे हिंसादी पाच पापांपासून निवृत्त होणे. मात्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून हल्ली ठासून सांगितले जाते, की मेंदूला ‘नाही’ समजतच नाही. ‘खोटे बोलू नकोस’ म्हटले की मनात खोटेच उमटते. हे खरे असेल, तर पाठशाळेत मुलांना पच्चक्खाण देण्यात काय अर्थ उरला? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर प्रयोगशाळेतही शोधता येते.

मेंदूत हालचालींचे नियंत्रण करणारा एक पट्टा आहे. त्यात पाय, हात, जीभ यांच्या जागा ठरलेल्या आहेत. केंब्रिजमधील संशोधकांनी २००४ साली असे दाखविले, की लाथ मारणे, उचलणे, चाटणे अशा अर्थाचे शब्द नुसते वाचले तरी त्या त्या अवयवाशी संबंधित भाग सक्रिय होतो. शरीर स्वस्थ असते, पण शब्द त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो. मन, वचन आणि काया हे तीन योग परस्परांशी किती निगडित आहेत, हे आपल्याला नव्याने सांगावयास नको.

मग त्याच शब्दापुढे ‘नाही’ आले तर? मिलान येथील तेत्तामांती आणि सहकाऱ्यांनी २००८ साली इटालियन वाक्ये ऐकवून मेंदूची चित्रे घेतली. ‘मी बटण दाबतो’ अशा वाक्यांच्या तुलनेत ‘मी बटण दाबत नाही’ अशा वाक्यांच्या वेळी कृतीशी संबंधित भागांची सक्रियता कमी आढळली.

मला स्वतःला अधिक बोलका वाटतो तो फ्रान्समध्ये झालेला, २०१२ साली प्रसिद्ध झालेला आरावेना आणि सहकाऱ्यांचा प्रयोग. त्यात श्रोत्यांच्या बोटांच्या पकडीत दाब मोजणारे एक छोटे उपकरण दिले होते. लक्ष विचलित होऊ नये म्हणून काम दिले होते ते वेगळेच: किती वाक्यांत देशाचे नाव येते ते मोजायचे. होकारार्थी वाक्यात हाताच्या कृतीचा शब्द आला, की साधारण तीनशे मिलिसेकंदांनंतर बोटांची पकड आपोआप किंचित घट्ट होऊ लागे. तोच शब्द नकारार्थी वाक्यात आला, तर तशी वाढ दिसली नाही. ऐकणाऱ्याला याची जाणीवही नसते!

शिबिरवाल्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. ‘दार उघडे नव्हते’ असे वाक्य वाचल्यावर बंद दाराचे चित्र मनात स्थिर व्हायला अधिक वेळ लागतो, असे काउप आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या प्रयोगांवरून दिसते. नकार सावकाश उमजतो, पण उमजतो.

येथे आपल्या मराठीचा विचार मनात येतो. इटालियनमध्ये नकार क्रियापदाच्या आधी येतो. मराठीत ‘मी पाणी पिणार नाही’ म्हणताना पिणे आधी ऐकू येते, नकार मागाहून. ‘करेमि भंते’ सूत्राच्या प्राकृतात मात्र ‘न’ पुढे उभा असतो. आणि गंमत पाहा, वरळी नाक्यावर हात सोडून धावणाऱ्या मुलाला आई ‘पळू नकोस’ म्हणत नाही. ती ओरडते, ‘नको पळू!’ व्याकरणाचा क्रम तिने क्षणात फिरविलेला असतो.

या प्रयोगांतून पाठशाळेसाठी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हातातील पकडीचा प्रयोग ठोस कृतींच्या शब्दांचा आहे. ‘वाईट वागू नकोस’ या वाक्यात हाताने थांबवावे असे काहीच नाही. ‘फूल तोडू नकोस’ यात आहे. आपल्या पच्चक्खाणांची रचना पाहिली तर ती दुसऱ्या प्रकारची आढळते. चौविहारात अशन, पान, खादिम, स्वादिम असे चारही आहार नावानिशी सोडले जातात. नवकारशीला सूर्योदयापासून अठ्ठेचाळीस मिनिटांची मर्यादा असते. आणि घेणारा ‘वोसिरामि’ हा शब्द स्वतःच्या मुखाने उच्चारतो.

अर्थात बोटांची पकड मोजली गेली ती क्षणापुरती. व्रत आयुष्यभराचे असते, आणि मोहाचा प्रसंग समोर आल्यावर काय होते हे या प्रयोगांनी तपासलेले नाही. म्हणून विज्ञानाने आपली व्रते सिद्ध केली, अशी घोषणा कोणी करू नये. शास्त्रकारांनीही केवळ नकारावर भिस्त ठेवलेली नाही. तीन गुप्तींच्या जोडीला त्यांनी पाच समिती सांगितल्या. कायगुप्ती पाय आवरते, आणि ईर्यासमिती तोच पाय उचलल्यावर खाली पाहून कोठे ठेवावा ते शिकविते.

जय जिनेंद्र.