बांगड्यांनी गोळ्या अडवणारी बाई आणि आमच्या मुली

(वाशीम येथे कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘विज्ञानपट आणि सुपरहीरोंचे चित्रपट’ असं छापलेलं पाहून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, की हे काय नवीन खूळ? सोयाबीनचा भाव, दारूची दुकानं, घरातली मारहाण हे सगळं सोडून हवेत उडणाऱ्या माणसांवर बोलायचं? विचारणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण आपल्या किशोरी गटांतल्या मुली हे चित्रपट पाहतात, आपण पाहू दिले नाहीत तरी पाहतात. भावाच्या मोबाइलवर, हिंदी आवाज चढवलेले, कधी अर्धेच. आपण छेडछाडीवरचं पोस्टर-प्रदर्शन घेऊन गेलो की त्या अदबीने ऐकतात आणि शेवटी टाळ्या वाजवतात. सिनेमाबद्दल बोलायला लागलं की मात्र भांडतात. मला ते भांडण जास्त उपयोगाचं वाटतं.

म्हणून गेल्या वर्षभरात एका मुलींच्या वसतिगृहात आणि दोन बचत गटांत आम्ही असे चार चित्रपट दाखवले आणि त्यावर बोललो. त्यातून काय निघालं ते सांगते. माझी स्वतःची मतंही सांगणार आहे, ती सगळ्यांना पटतील असं नाही.

पहिला ‘वंडर वुमन’, २०१७ सालचा, पॅटी जेन्किन्स या बाईने दिग्दर्शित केलेला. पहिला अर्धा तास मुलींनी श्वास रोखून पाहिला, कारण त्यात एक अख्खं बेट बायकांचं आहे. राणी बाई, सेनापती बाई, भांडणाऱ्या, घोड्यावर बसणाऱ्या, म्हाताऱ्या झालेल्यासुद्धा बाया. मग नायिका त्या बेटावरून आपल्या जगात येते आणि तिच्याभोवती सगळे पुरुष उरतात. एका मुलीने लगेच विचारलं, “ताई, तिच्या मैत्रिणी काहून नाही आल्या तिच्यासंगं?” मला वाटतं त्या चित्रपटावरची यापेक्षा नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही.

पण मला या बाईच्या बांगड्यांबद्दल बोलायचं आहे. ती मनगटावरच्या जाड धातूच्या कड्यांनी बंदुकीच्या गोळ्या परतवते. आपल्याकडे पुरुषाला हिणवायचं तर ‘हातात बांगड्या भर’ म्हणतात, आंदोलनात अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर देतात. त्या आहेराला आपण बायाच पुढे असतो हे मला नेहमी खटकत आलं आहे. वसतिगृहातल्या मुली मात्र त्या दिवशी आपापल्या काचेच्या बांगड्या पुढे करून एकमेकींच्या गोळ्या अडवत होत्या.

या कड्यांची गोष्ट मुळातून पाहण्यासारखी आहे. वंडर वुमन हे पात्र १९४१ साली अमेरिकेत विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने चित्रकथेसाठी निर्माण केलं. त्याच्या घरात पत्नी एलिझाबेथ होती आणि ऑलिव्ह बर्न नावाची दुसरी जोडीदारही होती. एलिझाबेथच्या पगारावर घर चालायचं, ऑलिव्ह सगळ्यांची मुलं सांभाळायची. त्या घराबद्दल आपल्याला विचारण्यासारखं बरंच आहे, ते आज बाजूला ठेवते. ऑलिव्ह हातात जाड कडी घालायची, तीच चित्रकथेत आली. आणि ही ऑलिव्ह कोण? एथेल बर्न यांची मुलगी. एथेल आणि त्यांची बहीण मार्गारेट सँगर यांनी १९१६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यासाठी खटले झाले, आणि एथेल यांनी १९१७ साली तुरुंगात उपोषण केलं. याच मार्गारेट सँगर डिसेंबर १९३५ मध्ये आपल्या वर्ध्याला आल्या होत्या, गांधीजींशी संततिनियमनावर वाद घालायला. दोघांचं पटलं नाही. त्याच काळात र. धों. कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते आणि कोर्टाच्या पायऱ्या चढत होते. म्हणजे ज्या चित्रकथेला आपण पोरखेळ म्हणतो तिच्या मुळाशी आपल्याच चळवळीचं एक पान आहे.

चित्रकथेत असं सांगितलं आहे, की या बायकांना एकदा पुरुषांनी गुलाम केलं होतं, त्याची आठवण राहावी म्हणून त्या कडी घालतात. आणि एखाद्या पुरुषाने त्या कड्यांना साखळी जोडली की वंडर वुमनची शक्ती जाते. हे ऐकल्यावर बचत गटातल्या एक काकू बराच वेळ बोलल्या नाहीत. त्यांचा नवरा वारला तेव्हा त्यांच्या बांगड्या कोणी फोडल्या, कुठे फोडल्या, हे त्यांनी मग सांगितलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने सगळ्या ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं. ते परिपत्रक त्या गटातल्या कोणालाही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी चित्रपटाची चर्चा तिथेच थांबली आणि ग्रामसभेत काय मांडायचं यावर बोलणं सुरू झालं.

एक गोष्ट मात्र मला या चित्रपटात अजिबात आवडली नाही. मूळ चित्रकथेत आई मुलीला मातीतून घडवते, बाप नाहीच. पार्वतीने अंगच्या मळाचा गणपती केला तसं. चित्रपटात ही गोष्ट आईने सांगितलेली लोणकढी ठरते आणि खरी शक्ती बापाकडून, देवांच्या राजाकडून आलेली निघते. पंच्याहत्तर वर्षांनी बाप आणून बसवला!

दुसरा चित्रपट ‘मिन्नल मुरली’. २०२१ सालचा, मूळ मल्याळम, बॅसिल जोसेफ दिग्दर्शक. एका गावात एका रात्री दोन माणसांवर वीज पडते आणि दोघांनाही अचाट ताकद येते. एक शिंपी, दुसरा चहाच्या टपरीवर राबणारा शिबू. मुलींना गाव आवडलं, कारण ते आपल्या गावासारखं आहे. आणि त्यांना शिबू आवडला, नायकापेक्षा जास्त. शिबूचं उषावर लहानपणापासून एकतर्फी प्रेम आहे. ती दुसऱ्याशी लग्न करून गेली तरी तो वाट पाहतो, ती परत आली की पुन्हा मागे लागतो. शेवटी ती होकार देते आणि लगेच आगीत मरते. मग तिच्या मरणाचा सूड म्हणून तो अख्खं गाव पेटवायला निघतो. अमेरिकेत गेल सिमोन या लेखिकेने १९९९ साली चित्रकथांतल्या अशा बायकांची यादीच केली होती, ज्या केवळ पुरुषाला राग यावा म्हणून मारल्या जातात. उषा त्या यादीत सहज बसेल.

“इतकं प्रेम कोन करते ताई आजकाल?” एक मुलगी म्हणाली आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. शिबूचं काम करणाऱ्या गुरु सोमसुंदरम या नटाने ते इतकं जीव ओतून केलं आहे, की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. चित्रपट चांगला असला की त्याचं विष पचायला सोपं जातं. मी मुलींना ३ फेब्रुवारी २०२० ची आठवण दिली. हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या एका तरुण प्राध्यापिकेवर भर रस्त्यात पेट्रोल टाकून तिला जाळलं, आठवड्यानं ती गेली. २०२२ साली आरोपीला जन्मठेप झाली. त्या वेळी वर्तमानपत्रांनी शब्द काय वापरला होता? ‘एकतर्फी प्रेमातून’. मी विचारलं, उषाने नकार कायम ठेवला असता तर शिबूने काय केलं असतं? खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. एकजण म्हणाली, “त्यानं तेच केलं असतं. आग त लावलीच ना त्यानं.”

त्या रात्री जेवणानंतर एक मुलगी माझ्याकडे आली. गावाकडच्या एसटी थांब्यावर एक मुलगा कित्येक महिने तिच्या मागे होता. दर शनिवारी घरी जाताना ती पोटात गोळा घेऊन उतरायची. घरी सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर शिक्षण बंद होईल आणि लग्न उरकतील. ही भीती खोटी नव्हती, तिच्या मोठ्या बहिणीचं तसंच झालं होतं. पाठलाग हा २०१३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात, हे आम्ही सगळ्या प्रशिक्षणांत सांगतो. तिलाही ते पाठ होतं. पण शिबूबद्दल भांडण झालं नसतं तर ती बोलली नसती. पुढे तिच्या गावच्या आणि शेजारच्या गावांच्या सात मुलींनी एकाच गाडीने जायचं ठरवलं, आणि तिच्या आईशी बोलायला आमच्यातल्या दोघी गेल्या. वडिलांना सांगायला आणखी महिना लागला. तिचं शिक्षण चालू आहे. मुलगा अजून अधूनमधून थांब्यावर असतो, असंही तिने परवा सांगितलं. प्रकरण मिटलं असं मी म्हणत नाही.

याच चित्रपटात बिजी नावाची मुलगी आहे, गावात ट्रॅव्हल एजन्सी आणि कराटेचा वर्ग चालवते. तिच्यावर वीजबीज काही पडलेली नाही, रोजच्या सरावातून ती तयार झाली आहे. लेखकाने तिला थोडी अधिक जागा द्यायला हवी होती.

तिसरा ‘लोका’, २०२५ चा, तोही मल्याळम, डॉमिनिक अरुण यांचा. मध्यवर्ती भूमिका कल्याणी प्रियदर्शनची, पटकथेत शांती बालचंद्रन या लेखिकेचा वाटा. बाई नायिका असलेला हा सुपरहीरोपट ३०० कोटींच्या वर चालला, तेव्हा ‘बाईचा सिनेमा चालत नाही’ म्हणणाऱ्यांनी आता दुसरं कारण शोधावं. केरळात कळ्ळियंकाट्टु नीली या यक्षीची दंतकथा आहे. लोकांना मारणारी, रक्त पिणारी बाई, अशी तिची ख्याती. चित्रपट ती उलटी करून सांगतो. आदिवासी मुलगी देवळात शिरते म्हणून राजाची माणसं तिची वस्ती उद्ध्वस्त करतात, पळताना गुहेत वटवाघूळ चावतं आणि तिला शक्ती येते. आज ती बंगळुरूत रात्रपाळी करते. खलनायक आहे बायकांचा तिटकारा करणारा एक पोलीस अधिकारी.

यक्षिणीचीच आपली जखीण झाली. आपल्या गावांतल्या जखिणी, हडळी आठवून पाहा. बाळंतपणात मेलेली, विहिरीत सापडलेली, सासरी जळालेली. जिच्या मरणाची चौकशी झाली नाही तिचं भूत होतं. आणि जिवंतपणी कोणाला करणी करणारी ठरवतात? एकट्या राहणाऱ्या, नावावर तुकडाभर जमीन असलेल्या बाईला. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा बाईच्या बाजूने वापरता येतो, हे या निमित्ताने पुन्हा सांगते.

पण ‘लोका’नंतर वसतिगृहातल्या एका अबोल मुलीने जे विचारलं ते माझ्या डोक्यातून जात नाही. “ताई, त्या शिंप्यावर नुसती वीज पडली. हिचं सारं घरदार मेलं तवाच हिले ताकद भेटली. बाईले फुकट काहून नाही भेटत?” मी मनातल्या मनात यादी करू लागले. दिल्लीच्या घटनेनंतर २०१४ साली आलेल्या ‘प्रियाज शक्ती’ या चित्रकथेतली प्रिया वाघावर बसते, पण त्याआधी तिच्यावर बलात्कार झालेला असतो. याउलट आयर्न मॅनला शक्ती येते कारण बापाचा शस्त्रांचा कारखाना आहे, क्रिशला ती वारशाने मिळते. पुरुषाकडे ताकद असायला कारण लागत नाही, बाईने मात्र आधी पुरेसं सोसलं पाहिजे. आपल्या मासिकांतल्या कहाण्या तपासा, आपणही पुष्कळदा बाईची ओळख तिच्यावर झालेल्या अत्याचारापासूनच सुरू करतो.

म्हणून मला चौथा चित्रपट सगळ्यांत जवळचा वाटतो. ‘कार्गो’, दिग्दर्शिका आरती कडव, आपल्या नागपूरच्या. २०२० साली नेटफ्लिक्सवर आला. बेताच्या पैशात केलेला, आणि त्यातलं अंतराळयान एखाद्या जुन्या सरकारी कचेरीसारखं दिसतं. नाव पुष्पक, त्यावर प्रहस्थ नावाचा राक्षस नोकरी करतो. पृथ्वीवर मेलेली माणसं तिथे येतात, त्यांच्या वस्तू काढून घेतल्या जातात, शरीर दुरुस्त होतं, स्मृती पुसली जाते आणि त्यांना पुढच्या जन्मासाठी रवाना करतात. युविष्का नावाची नवी मदतनीस येते, श्वेता त्रिपाठीने केलेली. तिच्यात जखमा बऱ्या करण्याची शक्ती आहे, कोणाच्या मरणावाचून आलेली. ती नेमणूकपत्र घेऊन कामावर रुजू होते, बस्स. वरून सूचना देणाऱ्या साहेबांच्या कामात नंदू माधव आहेत.

हा चित्रपट आम्ही बचत गटात दाखवला. त्यात शेतकरी आत्महत्येनंतर एकट्या पडलेल्या बाया आहेत. आपला जिल्हा २००६ च्या पॅकेजमधल्या सहा जिल्ह्यांतला. त्या वर्षापासून एक लाखाच्या मदतीसाठी प्रत्येक मरणाची फाईल होते. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, कर्जाचा दाखला, मग जिल्ह्याची समिती आणि शेवटी शिक्का, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. पडद्यावर मेलेल्या माणसाची नोंद यंत्रासारखी होत होती तेव्हा बाया हसत होत्या. मला आधी कळेना. एक म्हणाली, “हे त आमचंच हाय. फक्त याहीच्या हापिसात चकरा नाहीत.” स्मृती पुसण्यावर मात्र दोन तट पडले. काहींना ती रात्र पुसून हवी होती. एक काकू ठाम होत्या, की कर्ज किती, कोणाचं, सावकार कोण, हे विसरलं तर पोरांना कोण सांगेल?

याच आरती कडव यांनी पुढे ‘मिसेस’ केला, फेब्रुवारी २०२५ मध्ये झी फाइव्हवर आलेला. त्यात यान नाही, स्वयंपाकघर आहे आणि गळणारं सिंक आहे. तो आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिला असेल, म्हणून त्यावर वेळ घेत नाही.

थोडं कामाचं. हिंदी संवाद भरभर जातात, वयस्क बायांसाठी दर वीस मिनिटांनी थांबून गोष्ट वऱ्हाडीत सांगावी लागते. अख्खा चित्रपट एका बैठकीत होत नाही, दोन संध्याकाळी धरा. ‘लोका’त रक्त पुष्कळ आहे, लहान मुलींना नको. मानोरा आणि मंगरुळपीरच्या गटांत पुढच्या महिन्यात ‘कार्गो’ दाखवायचा आहे. आमच्याकडे प्रोजेक्टर आहे, पडदा नाही. कोणाकडे पांढरी दुहेरी चादर असेल तर जेवणाच्या सुट्टीत मला सांगा.