गळ्यातली गाठ आणि ऊसतोडीचा हंगाम



डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केले आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले, तो हा अहिल्यानगर जिल्हा. रुग्णालयाबाहेरचा रुग्ण इथे विसरता येत नाही.

साध्या थायरॉइड विकारातून पुढे कॅन्सर होतो का, हा प्रश्न इथले रुग्ण दबक्या आवाजात विचारतात. डेन्मार्कने 1978 पासूनच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गलगंड किंवा साध्या गाठी असलेल्यांमध्ये नंतर थायरॉइड कॅन्सर अधिक आढळला. पण ज्याचा गळा वरचेवर तपासला जातो, त्याच्यात बारीकसा कॅन्सरही सापडतोच. दक्षिण कोरियात गळ्याच्या सरसकट सोनोग्राफ्या झाल्या. 1993 च्या मानाने 2011 मध्ये निदानाचे प्रमाण 15 पट झाले, मृत्यूंचे मात्र जवळपास होते तेवढेच राहिले. म्हणून थायरॉइडची गोळी घेणाऱ्या प्रत्येक बाईला कॅन्सरची धास्ती घालणे मला अन्यायाचे वाटते. बहुतेक गाठी साध्याच असतात.

मात्र गाठ भराभर वाढली, आवाज बसला, मानेत अवधाण आले, तर थांबून चालत नाही. आणि इथेच आपला जिल्हा अडतो. दिवाळीच्या सुमारास पाथर्डी-शेवगावकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. सहा महिन्यांनी फेरतपासणीला बोलावलेली बाई त्या दिवशी कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असते. हंगाम संपल्यावर ती येते, तेव्हा कॅरीबॅगेतला सोनोग्राफीचा कागद घडीवर फाटलेला असतो, मजकूर इंग्रजी, आकडा पुसट. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे मागच्या मापावाचून कसे सांगणार? मग नवा डॉक्टर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि तपासणीचा खर्च पुन्हा तिच्याच उचलीतून जातो.

राज्यभरातून आलेल्या डॉक्टरांच्या इथल्या चर्चेत नवे संशोधन येईलच. यजमान म्हणून माझे एवढेच मागणे आहे. फेरतपासणीची तारीख हंगाम विचारून द्या. गाठ कोणत्या बाजूला, किती मिलिमीटर, सुईच्या तपासणीत काय निघाले, हे ठळक मराठीत लिहून तिच्या हाती द्या, आणि त्याची एक प्रत गावच्या आशाताईंकडे ठेवा.