अंगणातली सोनघंटा



आज आम्ही तुम्हाला एका झुडपाची गोष्ट सांगणार आहोत. त्याचे नाव सोनघंटा. झुडूप मोठे देखणे आहे, पण रानात ते फार थोडे उरले आहे. ते टिकणार की जाणार, हे बरेचसे डोंगराकडेच्या गावांच्या हाती आहे. म्हणून लक्ष देऊन ऐका.

सोनघंटा ही भेंडी, अंबाडी, कापूस आणि जास्वंद यांच्या कुळातली. आपल्या बांधावर मुद्रा किंवा पेटारी नावाचे झुडूप उगवते, त्याची ही जवळची बहीण. ही माणसाच्या उंचीची, कधी त्याहूनही उंच होते. पाने पानविड्याच्या पानासारख्या आकाराची, पण मऊ लव असलेली. फुले पिवळी, त्यांवर तांबूस रेघा. ती खाली तोंड करून लोंबतात, जशा देवळातल्या घंटा. म्हणून नाव सोनघंटा. पळस आणि पांगारा फुलण्याआधीच, थंडीच्या दिवसांत, ही फुलते. डोंगरावरचे गवत वाळलेले असते आणि त्यात ही सोन्यासारखी चमकते.

ही कुठली? आपलीच. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत थोड्याच ठिकाणी ती आपोआप उगवते. जगात दुसरीकडे कोठेही उगवत नाही. कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना आंबा घाट लागतो, ते तिचे जुने माहेर.

आता तिच्या दुसऱ्या नावाची हकीकत ऐका. पुण्यात पूर्वी सायन्स कॉलेज होते. आज तेथे अभियांत्रिकीचे विद्यापीठ आहे. त्या कॉलेजात एन. बी. रानडे नावाचे गृहस्थ वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सांभाळीत. हे काम कसे असते? फांदी दाबून वाळवायची. जाड कागदावर बसवायची. शेजारी चिठ्ठी लावायची. कोठे मिळाली, कधी मिळाली, कोणी आणली, हे चिठ्ठीवर लिहायचे. चिठ्ठी नसेल तर ती फांदी म्हणजे नुसता पाचोळा! त्याच कॉलेजात वुड्रो नावाचे इंग्रज अमलातले अधिकारी वनस्पतिशास्त्र शिकवीत. त्यांनी आणि क्यू येथील बागेतल्या स्टाफ या विद्वानांनी १८९४ साली या झुडपाचे शास्त्रीय नाव जाहीर केले. ते नाव अब्युटिलॉन रानडेई. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या माणसाचे नाव आज साऱ्या जगातले शास्त्रज्ञ घेतात, ते या झुडपामुळे.

मग ते कमी का झाले? मुळात त्याच्या जागा थोड्या. तेथे वणवा लागला तर कोवळी रोपे जळतात. गुरांनी शेंडे खाल्ले तर झुडूप वाढत नाही. त्यात भर म्हणजे हौशी माणसे! फूल पाहिले की रोप उपटून घरी आणायचे. उपटलेले रोप बहुधा मरते. म्हणजे रानातलेही गेले आणि अंगणातलेही गेले. राखीव जंगलातून किंवा अभयारण्यातून रोप उपटणे हा गुन्हाही आहे.

तेव्हा पहिला नियम हा, की डोंगरावरचे रोप डोंगरावरच राहू द्या. ज्याच्या बागेत सोनघंटा आहे त्याच्याकडून बी मागा, किंवा जाणत्या रोपवाटिकेतून रोप घ्या. याच कुळातली परदेशी घंटाफुलेही बाजारात मिळतात. म्हणून विचारूनच घ्या.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. पावसाच्या सुरुवातीला तांबडी माती, वाळू आणि कुजलेले शेणखत सारखे घेऊन पिशव्या भरा. बी नखभर खोल पेरा. रोप वीतभर झाले की अंगणात लावा. हे उताराचे झाड, बरं का! बुंध्याशी पाणी साचले तर मूळ कुजते. म्हणून जागा जरा उंच करा. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली असेल तर उत्तम. पुण्याकडे घाटाच्या मानाने पाऊस फार कमी. म्हणून उन्हाळ्यात बुंध्याभोवती पालापाचोळा अंथरा आणि बेताने पाणी द्या.

भेंडीवर पडतो तसा मावा हिच्यावर पडला, तर निंबोळीचा अर्क फवारा. एक लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची पूड घ्या. ती रात्रभर भिजवा आणि सकाळी फडक्यातून गाळा. फुलांचा बहर सरला की शेंडे थोडे छाटा, म्हणजे झुडूप दाट होते. मात्र काही फळे झाडावरच वाळू द्या. त्यांतच पुढचे बी आहे.

आता एक काम तुमच्या अक्षराचे. तुम्ही लिहायला शिकलात. मग पत्र्याच्या तुकड्यावर तीन ओळी लिहा. सोनघंटा; बी कोणाकडून आणले; पेरल्याची तारीख. ती पाटी झाडाशी लावा. शेजाऱ्याला बी द्याल, तेव्हा पुडीवरही हेच लिहा. झाडाचे मूळ घर कोणते, हे पाटीमुळे पुढच्यांना कळते. रानडे हेच काम करीत होते. ते तुम्हालाही करता येईल.

पण एक विसरू नका. अंगणातली सोनघंटा ही ठेव आहे. खरे धन डोंगरावर आहे. तुमच्या गावच्या डोंगरावर ती असेल, तर वणवा लावू नका आणि लागलाच तर विझवा. तिच्याजवळ गुरे सोडू नका. कोणी खणायला आला, तर त्याला थांबवा आणि अंगणातले बी त्याच्या हातावर ठेवा. मग त्याला खणायची गरजच उरणार नाही.