विचारायलाच हवं

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेलं भाषण)



नाट्यगीतं आणि बटाटेवडे यांच्या मधली दहा मिनिटं आमच्या वाट्याला आली आहेत, तेव्हा थेट मुद्द्यावर येतो. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले, भाषणांची सवय नाही. पण आमचा मुलगा १४ व्या वर्षी डिप्रेशनमधून गेला, अजून त्याची थेरपी चालू आहे. त्याच्या परवानगीनेच आज बोलतोय. "सांगा तुम्ही, दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल," असं तोच म्हणाला.

आधी आकडे, कारण आपल्या लोकांना त्याशिवाय पटत नाही! सीडीसीच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या हायस्कूलच्या १०० पैकी ४० मुलांनी सतत उदास, हताश वाटल्याचं सांगितलं. २० जणांच्या मनात वर्षभरात आत्महत्येचा विचार गंभीरपणे आला होता. आपली मुलं याच शाळांत जातात.

"टीनएजर आहे, चालायचंच" हे कुठपर्यंत म्हणायचं? डॉक्टरांनी आम्हाला सोपी खूण सांगितली. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, मित्र आणि आवडीच्या गोष्टी यांत बदल दिसला, की दाखवायचं. आमच्याकडे तबला गवसणीतून बाहेर निघेना, डबा तसाच परत यायला लागला. मार्क मात्र उत्तम होते! म्हणून सांगतो, रिपोर्ट कार्डवर सगळे 'ए' आहेत म्हणजे पोराचं बरं चाललंय असं धरून चालू नका.

मग विचारायचं कसं? समोरासमोर बसवून चौकशी केली की मुलं गप्प होतात. गाडीत शेजारी बसून, नजर रस्त्यावर ठेवून विचारलं तर बोलतात. आम्ही तसंच विचारलं, अगदी स्पष्ट: "जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का रे?" असं विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार येतो, ही भीती खरी नाही. तज्ज्ञही थेट विचारा असंच सांगतात.

तो म्हणाला, "कधी कधी."

पायाखालची जमीन सरकली. पण काय चाललंय ते निदान कळलं. लगेच पीडियाट्रिशियनना फोन केला, त्यांनी त्याच दिवशी बोलावलं. त्यांनी नऊ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, आम्हाला बाहेर बसवून त्याच्याशी एकट्याशी बोलल्या, आणि घरातली सगळी औषधं कुलुपात ठेवायला सांगितली. थेरपिस्टची वेळ सहा आठवड्यांनी मिळाली. तोवर त्याच दर आठवड्याला बघत होत्या. शाळेच्या काउन्सेलरने '५०४ प्लॅन' करून दिला. १९७३ च्या कायद्यातली ही सोय आहे. परीक्षेला जास्त वेळ मिळतो, जीव घाबरला तर वर्गातून उठून जाता येतं. कॉलेजच्या अर्जावर याची नोंद जात नाही, हेही सांगून ठेवतो, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात!

"लोक काय म्हणतील?" हा दुसरा प्रश्न. सांगलीला आईंना फोनवर कसं सांगायचं याची आम्हाला धास्ती होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "कावीळ झाली असती तर लपवली असतीत का?" आमच्या वतीने तेच उत्तर समजा.

आणि तातडीची वेळ आलीच तर ९८८. २०२२ पासून हा नंबर देशभर चालू आहे. फोन करा किंवा टेक्स्ट, चोवीस तास, फुकट. आपण ऑन-कॉल असलो की रात्री दोनला कंपनीचा सर्व्हर पडला तरी उठतो. तिथे "सकाळी बघू" म्हणत नाही. पोराच्या बाबतीतही म्हणायचं नाही.

आजच्या निधीतून दोन कामं होणार आहेत. आपल्या मराठी शाळेच्या शिक्षकांना आणि स्वयंसेवकांना 'युथ मेंटल हेल्थ फर्स्ट एड'चं प्रशिक्षण मिळेल. उरलेल्या पैशातून, लेऑफमुळे ज्यांचा इन्शुरन्स गेलाय अशा कुटुंबांच्या मुलांची थेरपीची फी भरली जाईल. नावं गुप्त राहतील.

खुर्चीवर पाकीट ठेवलेलं आहे. सढळ हाताने द्या. आणि परत जाताना गाडीत मुलं शेजारी असतील, तेव्हा रेडिओ थोडा वेळ बंद ठेवा.

तबला गवसणीतून निघालाय, हे सांगायचं राहिलंच. अजून रोज नाही वाजत, पण वाजतो.