केटी लागली म्हणून अर्जच करायचा नाही?



मुंब्रा, कल्याण, भिवंडीहून आलेल्या तुम्हा मुलामुलींच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न आहे: "मार्क कमी आहेत, परदेशात ॲडमिशन मिळेल का?" यात खरं तर दोन प्रश्न आहेत. मी अर्जाला पात्र आहे का, हा पहिला. मिळण्याची शक्यता किती, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर विद्यापीठाच्या वेबसाइटवर लिहिलेलं असतं. दुसऱ्याचं खात्रीने कोणी सांगत असेल, तर आधी त्याची फी विचारा.

मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा एम-3 मध्ये केटी लागली, तीही दोनदा. एका कन्सल्टंटने सांगितलं, केटीवाल्याला कोणी घेत नाही. मी विश्वास ठेवला, अर्जच केला नाही. पुढे धाकट्या बहिणीसाठी जर्मनीतल्या कोर्सच्या अटी वाचल्या, तर त्यात केटीचा उल्लेखही नव्हता. अट होती ग्रेडची.

तिथे 1 सर्वांत चांगला, 4 म्हणजे जेमतेम पास. हिशेब असा: 100 मधून आपले टक्के वजा करा. त्याला 100 वजा पासिंगचे मार्क, याने भागा. तीनने गुणा, एक मिळवा. पासिंग 40 आणि तुम्हाला 70 टक्के असतील, तर येतात 2.5. पण पासिंग 50 धरलं तर तेच 70 टक्के 2.8 होतात! कोर्सची मर्यादा 2.5 असेल तर तुम्ही बाहेर. म्हणून पासिंगचे मार्क ट्रान्सक्रिप्टवर छापलेत का, ते तपासा. माझ्या टक्क्यांत मी तेव्हा बसत होतो, हे मला दहा वर्षं उशिरा कळलं.

मार्क भरपूर असूनही विषय जुळले नाहीत तर जर्मनीत अर्ज बाद होतो. बीएस्सी आयटीवाल्यांनो, तुमची पदवी तीन वर्षांची. अमेरिकेत अनेक विद्यापीठं चार वर्षांची मागतात, काही तीनची घेतात. प्रत्येकाची अट वेगळी वाचावी लागते.

आणि केटी लपवायचा सल्ला कोणी दिला तर तिथून उठा. नोव्हेंबर 2022 पासून जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी एपीएसकडून कागद तपासून घ्यावे लागतात. खोटा कागद सापडला तर मार्क कितीही असोत, उपयोग नाही.

वेळही हातात ठेवा. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने पेपर ऑनलाइन तपासायला घेतले आणि निकाल रखडले. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदतही हुकली. परदेशातली ॲडमिशन हातात असलेली मुलं मार्कशीटची वाट बघत बसली. शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं, पण तोवर तिकडची सत्रं सुरू झाली होती. अंतिम निकालाची शेवटची तारीख कोणती आणि ती वाढवून मिळते का, हे ऑफर येताच ईमेलने विचारून ठेवा.

पैशांबद्दल एकच सांगतो. कर्जाच्या व्याजात सवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना 2022-23 पासून बंद आहे. घरच्यांना तिच्या भरवशावर ठेवू नका.

आता मार्कशीट आणल्या असतील त्यांनी पुढे या. केटीवाले आधी.