इंग्रजी शब्दांतील सूक्ष्म भेद

(सिरसाळा येथील प्राथमिक शिक्षकांपुढील भाषण)



महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी विषय पहिलीच्या वर्गात आला. शब्द व त्याचा अर्थ फळ्यावर लिहून पाठ करून घेण्याचा प्रघात मात्र पुष्कळ ठिकाणी जुनाच राहिला. यादीत ‘हाय’ म्हणजे उंच आणि ‘टॉल’ म्हणजेही उंच. मग विद्यार्थी उंच माणसास ‘हाय मॅन’ म्हणतो, त्याचे गुण जातात, आणि पाठ केलेला अर्थ बरोबर असता चूक कोठे झाली हे त्यास उमगत नाही. दोष त्याचा नसून यादीचा आहे. माणूस व झाड ‘टॉल’, डोंगर व भिंत ‘हाय’, असे शब्द त्यांच्या सोबत्यांसह द्यावयास हवेत.

अशा बारीक भेदाची जाण खेड्यातील मुलास उपजत वाटावी इतकी अंगवळणी असते. लुगडे नेसतात, सदरा घालतात, फेटा बांधतात, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. इंग्रजी येथे एका ‘वेअर’वर भागविते. उलट मराठीची ‘सावली’ इंग्रजीत दोन ठिकाणी विभागली जाते. लिंबाखालची गार जागा ती ‘शेड’. उन्हात आपल्याबरोबर चालणारी काळी आकृती ती ‘शॅडो’. तसेच ‘पाहणे’. सहज दृष्टीस पडणे ते ‘सी’, मुद्दाम नजर वळविणे ते ‘लुक’, आणि राखणदार पाखरांवर नजर ठेवतो ते ‘वॉच’.

१८४७ साली मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. कोश अर्थ देतो. शब्द कोठे शोभतो हे दाखविणे शिक्षकाकडेच राहते. त्यासाठी जोडीतील दोन्ही शब्द एकाच दिवशी देऊ नयेत. पहिला पक्का रुजल्यावर दुसरा द्यावा. मुलांस अंगणात न्यावे, झाडाखाली व उन्हात उभे करावे, आणि मगच शब्द उच्चारावा. प्रश्नही ‘अर्थ काय?’ असा न विचारता ‘येथे कोणता शब्द?’ असा विचारावा.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची मुले हंगामात आईबापांबरोबर जातात व काही महिन्यांनी शाळेत परततात. तोवर पाठ केलेली यादी बहुधा विसरलेली असते. अंगणातील सावली मात्र तेथेच असते. तिच्यापासून त्यांचा धडा पुन्हा आरंभता येतो. आठवड्यास एक जोडी नीट झाली, तरी तेवढे पुरेसे आहे.